कणभर वेलची

“आधी वास. मग घोट. मग गप्प.”

वडील असं म्हणायचे आणि म्हणताना हातातला पेला खिडकीच्या उजेडाकडे धरायचे. काका तेव्हा कुणाचेच काका नव्हते. नऊ वर्षांचं शेंबडं पोर होतं आणि सातूच्या पोत्यावर बसून पाय हलवत होतं. एकदा वडिलांनी कढईतला गरम रस पेल्यात घेतला आणि पेला पोराच्या नाकाखाली धरला. प्यायला नाही, नुसता हुंगायला.

“काय म्हणतोय?”

“धूर,” पोर म्हणालं.

भोवतालचे सगळे हसले. वडील हसले नाहीत. त्यांनी कढईच्या तळाशी लांब दांड्याचा झारा फिरवला, तर खाली सातू करपून चिकटलेला. हसणारे एकेक करून कामाला लागले. वडील म्हणाले, “या पोराचं नाक जपा रे. उद्या हे घर त्याच्यावर चालायचं आहे.”

आणि घर खरंच नाकावर चाललं. तीन खोल्यांची बिअरची ब्रुअरी: मागे उकळायची खोली, मध्ये थंड टाक्यांची, पुढे सहा नळांचा दिवाणखाना, जिथे संध्याकाळी लोक येऊन बसत. तिथला कायदा एकच. कुठलीही टाकी तयार झाली की काकांनी चाखायची. काका म्हणाले ‘लावा’, की ती पुढच्या नळाला लागायची. काका म्हणाले ‘सोडा’, की ती मोरीत जायची. मध्ये बोलायचं नाही, भांडायचं नाही. काकांनी सख्ख्या थोरल्या भावाची, दादाची, अख्खी टाकी एकदा अशी मोरीत घालवली होती. दादा महिनाभर बोलला नाही. मग एका सकाळी चहाचा कप समोर सरकवत म्हणाला, “आंबली होती रे.” तेव्हापासून काकांच्या नाकाला घरात कुणी प्रश्न विचारला नाही.

तर असं हे नाक. ते मागच्या थंडीत गेलं.

ताप आला होता, चार दिवस. आला तसा गेला, पण जाताना रिकाम्या हाताने गेला नाही. पाचव्या दिवशी काकांनी संत्रं सोललं. साल फाटली, बोटांवर बारीक तुषार उडाले, आणि संत्रं काही बोललंच नाही. काकांनी ते नाकाला लावलं, दाबलं, नाकाच्या शेंड्याला रस लागला. संत्रं मुकं. मग साबण मुका. कॉफी मुकी. दाराच्या चौकटीला ताजा रंग दिला होता, तोही मुका. रात्री कूस बदलताना काकूच्या केसांपाशी नाक गेलं, तिथलं तेलही मुकं. तेव्हा मात्र काकांना अंधारात रडू फुटलं, आणि काकूने झोपेत विचारलं, “अहो, सर्दी अजून गेली नाही का?”

“जाईल,” काका म्हणाले.

आज येईल, उद्या येईल, म्हणत त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मग सांगायचं कसं हाच प्रश्न झाला. पाच महिने गेले.

या पाच महिन्यांत काकू मात्र हरखली होती. चौतीस वर्षं या माणसाने ताटावर बसून तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवली होती, आता जे वाढेल ते “छान.” एकदा तिने दूध करपवलं, तेसुद्धा काका “छान” म्हणून प्याले. काकू पदराआड हसली. काकांच्या देखत शेजारणीला म्हणाली, “करपलेलं दूधही छान म्हणून प्याले. ताप काय आला बाई, माणूस धुऊन निघाला.”

आणि टाक्या? टाक्यांचं काकांनी ढगावर भागवलं होतं. ढग म्हणजे पिंपं उचलणारा माणूस. दाराएवढा रुंद, चालला तर पावलांचा आवाज नाही, पण आला की खोलीतला उजेड अडायचा. काकांच्या आधी एक पेला ढगाला द्यायची जुनी रीत होती. ढगाला पोटात काही ठेवता येत नसे. बिअर चांगली असली की त्याचे कान मागे सरकत. बिघडली असली की डावी भुवई वर जाई. काका आपला पेला उजेडाकडे धरत आणि काचेतून ढगाचे कान बघत. मग डोळे मिटून एखादं वाक्य टाकत. “पोक्त झाली.” “अजून वयात यायचीय.” “आज जरा लाजतेय.” कुठल्याही डोक्याला बसेल अशा टोपीसारखी वाक्यं. लोक मान डोलवत. दिवाणखान्यातल्या फळ्यावर ती खडूने लिहिली जात.

नेहमीच्या तीन बिअरी, नेहमीचं माप, नेहमीचे हात. बिघडायला होतंच काय? काका आपले नाकासमोर चालत राहिले, नाक नसताना.

आणि मग भिंगरीने आल्याची बिअर घातली.

भिंगरी दादाची मुलगी. दादा जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि दादाची कढई आता तिच्या हातात होती. पाय एका जागी ठरत नाहीत म्हणून भिंगरी. तिने पुतणीचा हट्ट केला नाही, कागदावर माप लिहून आणलं. आलं, दालचिनी, लवंग, मिरी, संत्र्याची साल. “काका, उकळी उतरायच्या आधी दहा मिनिटं मसाला पुरचुंडीत बांधून सोडायचा. आलं किसायचं नाही, ठेचायचं.” काकांनी कागदाकडे बघितल्यासारखं केलं. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: ही बिअर ढगाने कधी प्यायलेली नाही. याचे कान कुठे सरकणार, कुणाला ठाऊक.

काकूने आपला खलबत्ता दिला. स्वतः बसून आलं ठेचलं. ठेचता ठेचता तिच्या तोंडून आपसूक निघालं,

*आलं ठेचते ठेचते, रस बोटांना लागला,*
*निजलेला माझा जीव, झणझणून गं जागला.*

काका दारात उभे होते. त्यांना आल्याचा ढीग दिसला, पिवळा, दोऱ्यादोऱ्यांचा, ओला. वास नाही आला. ते निघून गेले.

पाच आठवडे टाकी थंड खोलीत बसली. उद्या संध्याकाळी ती नळाला लागायची होती. साठ माणसांना निरोप गेले होते. आज दुपारी चाखायची.

दोन खिडक्यांतून ऊन आत आलं होतं आणि टाक्यांच्या पोटांवर चमकत होतं. भिंगरीने दोन पेले भरले. तांब्याच्या रंगाची बिअर, वर बोटभर फेस. एक पेला तिने ढगाच्या हातात दिला आणि म्हणाली, “ढगदादा, तुम्ही बाहेर बसून प्या.”

“बाहेर? का गं?” काकांचा आवाज जरा चढलाच.

“यांच्या कानांवरून मलाच आधी कळतं हो काका. आज मला कान नकोत, नाक हवं.”

ढगाचे कान लाल झाले. तो पेला सांभाळत पडवीत गेला, आणि खोलीत एकदम खूप उजेड झाला.

“आणि मी पाठ करून उभी राहते,” भिंगरी म्हणाली. “माझ्या तोंडावर आशा दिसली, तर तुम्हाला दया येईल.” आणि ती खरंच भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, शाळेतल्या शिक्षेसारखी. पायाचा अंगठा तेवढा फरशीवर टकटक करत होता.

काका आणि पेला, दोघंच उरले.

त्यांनी पेला नाकाशी नेला. सवयीने. काहीच नाही. पांढऱ्या भिंतीला नाक लावावं तसं. मग घोट घेतला. आधी थंड. मग नुसतं ओलं. मग पुन्हा काहीच नाही. काका मनाशी म्हणाले, ठीक, ‘लावा’ म्हणायचं आणि सुटायचं. पोरीचे हात दादाचे आहेत, बिघडणार नाही.

आणि तेवढ्यात, मागून, अगदी मागून, आलं आलं.

जिभेच्या कडेला एक ठिणगी पडली. ती सरकत घशात गेली, घशातून कानांच्या मुळाशी, आणि तिथे झणझणत बसली. महिनोन्महिने बंद घराची मागच्या दाराची कडी कुणीतरी वाजवावी, तसं. वास नव्हता तो. पण काहीतरी होतं! काकांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दुसरा घोट त्यांनी घाईने घेतला, तहानलेल्यासारखा. पुन्हा ठिणगी. मागून मिरीचा बारीक चिमटा. तिसरा घोट घेताना त्यांना हसू आलं, ते त्यांनी फेसात लपवलं.

“लावा,” ते म्हणाले.

भिंगरी गर्रकन वळली. “एवढंच?”

“अगं, लावा म्हटलं ना. लाव.”

“तीन घोटांत? बाबांच्या टाकीला तुम्ही अर्धा तास घेतला होता. मी बारा वर्षांची होते, दाराआडून बघत होते. खोट काढा काका.”

“खोट नाही.”

“तुम्ही कधी कुणाला खोट काढल्याशिवाय सोडलंय? पुतणी म्हणून सूट दिलीत ना, तर मीच ही टाकी सोडून देईन. बाबांना नाही सूट आणि मला आहे?”

काकांनी पेल्यात बघितलं. एखादी लहानशी खोट. पोरीचं समाधान होईल एवढीच, बिअरच्या अंगाला न लागणारी. मसाल्याची बिअर आहे. मसाला म्हटला की वेलची असणारच.

“वेलची,” काका डोळे मिटून म्हणाले. “कणभर पुढे येते.”

‘कणभर’ या शब्दावर ते स्वतःच खूश झाले.

भिंगरीच्या अंगठ्याची टकटक थांबली. “वेलची?”

“कणभर.” माघार घेणारं नाक चुकणाऱ्या नाकापेक्षा वाईट दिसतं.

“काका, मी वेलची घातलीच नाहीये.”

आता इथे काका काही बोलले असते, तर गोष्ट इथेच संपली असती. पण त्यांनी तोंड उघडायच्या आत भिंगरीचे डोळे मोठे झाले. काकांवर नव्हे, टाकीवर.

“म्हणजे पडली! कुठून तरी पडली! आणि मी मुद्दाम टाळली होती हो, ढगदादांना वेलची चालत नाही म्हणून. मागे एक बिस्किट खाल्लं तर उशीसारखे फुगले होते. ढगदादा!” ती दाराकडे धावली. “पिऊ नका!”

“प्यायलो की,” पडवीतून अपराधी आवाज आला. “अख्खा पेला संपवला. फर्मास झालीय.”

“त्यात वेलची आहे!”

“कोण म्हणालं?”

“काका!”

ढग दारात आला. खोली अंधारली. त्याने पेला हळूच खिडकीत ठेवला आणि मानेला हात लावला. “तरीच,” तो म्हणाला. “मघापासून इथे काहीतरी होतंय.”

“काही होत नाहीये तुला,” काका म्हणाले.

“खाजतंय, काका.”

“नाही खाजत.”

“तुम्ही म्हणालात म्हणजे खाजणारच.” आणि ढग दोन्ही हातांनी मान खाजवू लागला. अस्वलाने झाडाला पाठ घासावी तसा चौकटीला खांदा घासू लागला. बघता बघता मान लालभडक झाली. आता ती खाजवून लाल झाली की आणखी कशाने, हे सांगणारा त्या घरात एकच माणूस होता, आणि तो गप्प होता.

आरडाओरडा ऐकून काकू आली. हाताला कणीक तशीच. “काय झालं? कोण भाजलं?”

“काकू, तुझ्या खलबत्त्यात वेलची कुटली होती का?”

“कुटली असेल, चहासाठी. त्याचं काय?”

“बिअरमध्ये आलीय.”

“शक्य नाही. मी घासला होता. दोनदा. वर कढत पाणी ओतलं होतं.” काकूने कमरेवर हात ठेवला, कणकेसकट. “माझं भांडं आणि त्याला वास? अगं, माझ्या भांड्यांत तोंड बघून लोक भांग पाडतील.”

भिंगरीने पळत जाऊन खलबत्ता आणला. स्वतः हुंगला. “मला तर काही येत नाहीये.” काकूने हुंगला. “मलाही नाही.” ढगाने एका हाताने खाजवत दुसऱ्या हाताने घेऊन हुंगला, आणि भीतीने लगेच परत दिला. मग तिघांनीही तो काकांसमोर धरला.

“तुम्ही बघा.”

काकांनी त्या दगडी खळग्यात नाक घातलं. आत थंड होतं. बाहेर तीन जण श्वास रोखून उभे होते. आता सांगावं, काकांना वाटलं. पण खलबत्त्यात तोंड घालून असं काही सांगता येतं का? त्यांनी नाक बाहेर काढलं आणि ते बोलले नाहीत.

“गप्प आहेत,” भिंगरी हळूच म्हणाली. “म्हणजे आहे.”

“अगं, म्हणजे,” काका घाईने म्हणाले, “ती वेलची नसेलही कदाचित. जायफळ असेल.”

“जायफळही नाही घातलं मी!” भिंगरीने कपाळाला हात लावला. “दोन दोन भेसळी! काकू, या खलबत्त्यात तू काय काय कुटतेस तरी?”

“जायफळाने मला झोप येते,” ढग खाजवता खाजवता म्हणाला, आणि त्याने एवढी मोठी जांभई दिली की भिंगरीलाही आली.

कुणी हसलं नाही. हसण्यासारखं होतं, पण काकू खलबत्त्याकडे बघत उभी होती. तिने तो पुन्हा नाकाशी नेला, पदराने आतून पुसला, पुन्हा नेला. मग खाली ठेवला.

“राहिलं असेल,” ती म्हणाली. “यांचं नाक म्हणतंय म्हणजे राहिलंच असेल. चुकले मी. पोरीची पाच आठवड्यांची मेहनत घालवली.”

चौतीस वर्षांत काकूने ‘चुकले’ हा शब्द उच्चारला नव्हता. भाजी जळली तर गॅस मोठा होता, किल्ली हरवली तर ती कपाटाने खाल्ली होती. आणि जिथे तिची काडीचीही चूक नव्हती, तिथे ती आज मान खाली घालून उभी होती, हातावरची कणीक वाळत चाललेली.

“तुझी कसली चूक, काकू,” भिंगरी म्हणाली. तिचा आवाज आता थंड, कामाचा झाला होता. “मसाला मी तोलला, भांडं मीच बघायला हवं होतं. काका, तुम्ही ‘लावा’ म्हणालात, ते माझ्या मायेपोटी, कळतं मला. पण उद्या साठ माणसं येणार. त्यांत ढगदादांसारखं कुणी असलं तर?”

मुलगी शंभर टक्के बरोबर बोलत होती. फक्त जी गोष्ट नव्हतीच, तिच्याबद्दल बोलत होती.

तिने जाडा पाइप ओढत आणला. एक टोक टाकीच्या बुडाच्या नळाला लावलं, दुसरं मोरीत सोडलं. ढगाने मदतीला हात पुढे केला, मग तो खाजवायला परत घेतला. भिंगरीने टाकीच्या पोटावर एकदा तळहात ठेवला. निजलेल्या मुलाच्या पाठीवर ठेवतात तसा. मग चावी फिरवली.

पाइप फुगला. मोरीत तांब्याच्या रंगाची धार पडली, फेस उसळला, खोली गार गार झाली. काकूने डोळ्यांना पदर लावला. ढगाने जोरात श्वास घेतला आणि म्हणाला, “काय घमघमाट सुटलाय हो,” आणि मग त्याचे कान, खाज, जांभई, भीती सगळ्याला न जुमानता, मागे सरकले.

ते कान काकांनी बघितले. या खोलीत या क्षणी काहीतरी दरवळत होतं, सगळ्यांना कवेत घेत होतं, आणि फक्त ते एकटे बाहेर उभे होते. खोटं बोलून आत उभं असल्याचं दाखवत. आणि त्यांच्या त्या खोट्याच्या जोरावर एका धडधाकट माणसाची कातडी लाल झाली होती, एका बाईने न केलेली चूक कबूल केली होती, आणि एक पोर आपल्या हाताने आपली टाकी मोरीत घालत होती. एवढा मान! एवढा विश्वास काय नुसत्या नाकावर असतो?

काका पुढे झाले. गुडघे टेकून बसले आणि भिंगरीच्या हातावर हात ठेवून चावी उलटी फिरवली. घाईत पाइप सटकला, उरलेली धार त्यांच्या बाहीवर, दाढीवर, चष्म्यावर उडाली. मग नळ बंद झाला.

“काका, हात काढा. तुम्हीच म्हणालात ना...”

“मी काहीही म्हणालो,” काका म्हणाले. “वेलची नाही. जायफळ नाही. तुझ्या काकूचा खलबत्ता आरशासारखा आहे. ढगा, खाजवू नको, तुला काही झालेलं नाही.”

ढगाचे हात मानेवरच थांबले.

“मग?” भिंगरीने विचारलं.

काकांनी ओला चष्मा काढला. तो पुसायला कोरडं काही अंगावर नव्हतं, म्हणून नुसताच हातात धरला. चष्म्याशिवाय समोरची तिघं धूसर दिसत होती, आणि तेच बरं होतं.

“माझं नाक गेलंय,” ते म्हणाले. “थंडीतल्या तापापासून. काही म्हणजे काही येत नाही. तू करपवलेलं दूध मी गोड मानून नाही प्यायलो गं, मला कळलंच नव्हतं. टाक्या मी या ढगाच्या कानांवर पास केल्या. आणि भिंगरी, आज तू याला बाहेर पाठवलंस, तेव्हा मी घाबरलो.” ते थांबले. दाढीवरून एक थेंब ओघळून ओठावर आला, तो त्यांनी जिभेने टिपला. “पण पोरी, तुझं आलं मला लागलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी माझ्यापर्यंत पोचलं. इथे, कानाच्या मागे, ठिणगीसारखं. मला उठून नाचावंसं वाटलं होतं. आणि मी मेल्याने तेवढं एक सांगायचं सोडून खोट काढली.”